आजचं चिंतन : गीता २.६३ – ‘आठवत नाही’ म्हणजे नेमकं काय?



काल आपण दुसऱ्या अध्यायातल्या ६२व्या श्लोकापाशी थांबलो होतो. विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध. आज ६३वा. साखळी पुढे सरकते : क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रंश, स्मृती गेली की बुद्धी, आणि बुद्धी गेली की माणूसच गेला. हे दोन श्लोक आपण बहुतेक जण एका दमात म्हणतो. त्या वेगात मधला एक दुवा निसटून जातो. आधी स्मृती जाते आणि मग बुद्धी, असा क्रम भगवंतांनी लावलाय.

आपल्याला हे जरा उलटं वाटतं. आपल्या हिशेबात बुद्धी म्हणजे मोठी गोष्ट, आणि स्मृती म्हणजे पाढे, पासवर्ड आणि किराण्याची यादी. पण शंकराचार्य या श्लोकावर लिहिताना स्मृतीचा अर्थ फार नेमका करतात. शास्त्राने आणि गुरूंनी जे शिकवलं त्याचा मनावर संस्कार उमटतो. त्या संस्कारातून ऐन वेळी जी आठवण वर येते, ती इथली स्मृती. रागाने आंधळा झालेला माणूस गुरूलाही शिव्या घालतो, असंही ते त्याच ओघात सांगून जातात. म्हणजे त्या क्षणी ‘हे आपले गुरू’ ही आठवणच जाग्यावर नसते. आता आठवणच नसेल तर काय करावं आणि काय करू नये हे बुद्धीने ठरवायचं कशाच्या जोरावर?

माउलींनी इथे दिव्याचा दृष्टान्त घेतलाय. सोसाट्याचा वारा आला आणि ज्योतीला फटका बसला. मला हा दृष्टान्त फार पटतो, कारण वाऱ्याने घरातलं सामान उडून जात नाही. देव्हारा, पाट, उंबरा, सगळं जिथल्या तिथे असतं. दिसेनासं होतं, एवढंच. आणि अंधारात ठेच लागते ती उंबऱ्यालाच.

श्लोकात दारूचं नाव नाही, हे आधीच सांगते. विषय क्रोधाचा आहे. तरीही आज मी तो दारू आणि झोपेच्या गोळ्यांकडे नेणार आहे. त्याला कारण आपल्या पिढीचं एक लाडकं वाक्य : “काल रात्रीचं काहीच आठवत नाहीये यार.” सोमवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे हसत हसत सांगितलं जातं. कुणीतरी मोबाईल पुढे करून व्हिडिओ दाखवतं, आणि ज्याचा व्हिडिओ आहे तोच सगळ्यात मोठ्याने हसतो. मी पुण्यात आठ वर्षं नोकरी करतेय, हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पण त्याचा अर्थ एकदा नीट कळला की हसू येत नाही.

आपल्या दर्शनांनी आठवणीच्या तीन पायऱ्या केल्यात. आधी अनुभव, अनुभवाचा मनावर उमटतो तो संस्कार, आणि संस्कार जागा झाला की स्मृती. न्यायवाल्यांनी स्मृतीची व्याख्याच मुळी ‘फक्त संस्कारातून जन्मणारं ज्ञान’ अशा अर्थाची केली. पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्तींत स्मृतीला जागा दिली, आणि अनुभवलेला विषय हातून निसटू न देणं ती स्मृती, असं सांगितलं. ‘संस्कार’ हा शब्द आपण मुंज, लग्न आणि ‘घरचे संस्कार’ यांच्यासाठी राखून ठेवलाय. मुळात तो ठशाचा शब्द आहे. ओल्या मातीवर पाऊल पडलं की उरतो तो.

मेंदूचे अभ्यासक जवळजवळ याच तीन पायऱ्या सांगतात. कानाच्या वर, कवटीच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा एक वळणदार भाग असतो. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून ते ग्रीक नाव. आज दुपारी कुणाला भेटलो, काय बोललो, याचा ठसा आधी इथे तयार होतो आणि पुढे हळूहळू, बराचसा झोपेत, मेंदूच्या बाकीच्या भागांत पक्का होतो. हे कळलं ते एका माणसाच्या दुर्दैवातून. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला. फिट्स कमी झाल्या. पण त्यानंतर २००८ साली मरेपर्यंत त्याच्या मनावर नवा प्रसंग जवळपास उमटलाच नाही. बालपण आठवत होतं, बोलणं-चालणं सभ्य होतं, समोरच्याशी गप्पा मारायचा. ती व्यक्ती खोलीबाहेर जाऊन परत आली की पुन्हा नव्याने ओळख.

दारू हेच थोड्या वेळापुरतं करते. ठसा उमटायला मेंदूतल्या पेशींचे एकमेकींशी असलेले सांधे घट्ट व्हावे लागतात, आणि त्यासाठी ग्लुटामेट नावाच्या रसायनाचा निरोप पुढच्या पेशीत पोचावा लागतो. दारू त्या निरोपाचं एक महत्त्वाचं दार अडवते. त्याच वेळी गाबा नावाचं जे शांत करणारं रसायन आहे, त्याचा जोर वाढवते. हिप्पोकॅम्पस या दोन्हींमुळे मंदावतो. रक्तात दारू जितकी झपाट्याने चढेल तितका हा धोका जास्त. म्हणून रिकाम्या पोटी, पैज लावून, एकामागून एक ग्लास रिचवणारा माणूस या अंधारात लवकर शिरतो. तेवढीच दारू प्यायली तरी बाईच्या रक्तातलं प्रमाण सहसा जास्त जातं, कारण शरीरातलं पाणी कमी असतं. रक्तात ०.१६ टक्क्यांच्या पुढे असे काळोखे तास बरेच आढळतात. आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादा ०.०३ आहे.

आता या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. त्या तासांमध्ये माणूस बेशुद्ध नसतो. तो बोलतो, गातो, बिल भरतो, रिक्षावाल्याशी भाव करतो, कधी कधी गाडीही चालवतो. चालू क्षण धरून ठेवणारी अगदी थोड्या वेळाची स्मृती तेव्हाही काम करत असते, त्यामुळे समोरच्याला पत्ता लागत नाही. पण दहा मिनिटांपूर्वीचं त्याच्यापाशी काही उरत नाही. पहिली पायरी आहे, दुसरी नाही. अनुभव घडतोय, संस्कार उमटत नाहीये. सकाळी तो ‘आठवत नाही’ म्हणतो, तेव्हा आपल्याला वाटतं की आठवण कुठेतरी आत आहे, जरा डोकं खाजवलं की सापडेल. अर्धवट विसरलेलं असेल तर कुणी एखादा धागा दिल्यावर सापडतंही. पण पूर्ण काळोख असेल तर कितीही धागे द्या, काही वर येत नाही. जे लिहिलंच गेलं नाही ते वाचायचं कुठून? (आपल्या सिनेमात दारू उतरली की नायकाला डोकं धरून हळूहळू सगळं आठवतं. कथेची सोय, दुसरं काय.)

झोपेच्या गोळ्यांचंही असंच. अल्प्राझोलाम, डायझेपाम वगैरे औषधं त्याच गाबाचा जोर वाढवतात. डॉक्टर या गुणाचा चांगला उपयोगही करतात. ऑपरेशनच्या आधी मिडाझोलाम देतात, त्यानंतर रुग्ण थिएटरमध्ये डॉक्टरांशी बोलतो, विचारलेल्याची उत्तरं देतो, आणि नंतर त्यातलं त्याला काही आठवत नाही. तिथे ते वरदानच. पण रोज रात्री घरी, मनाने, एकाची दोन करत घेतलेली गोळी वेगळी. त्यात दारूची भर पडली की दोन्ही एकाच दिशेने ओढतात, आणि आठवणीबरोबर श्वासही मंदावतो. त्यात जीव जातात. आपल्याकडे क्लोरल हायड्रेट हे झोपेचं जुनंपुराणं औषध बनावट ताडीत मिसळलेलं वारंवार पकडलं जातं. ताडी म्हणून पिणाऱ्याला आपण दारूवर झोपेचं औषध घेतोय याची कल्पनाही नसते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण आपल्यापैकी कितीजणांच्या आईच्या उशाशी ती पट्टी असते. २०१४ पासून अल्प्राझोलामसारख्या गोळ्या दुकानदाराने चिठ्ठी पाहून, नोंद करूनच द्यायच्या, असा नियम आहे. तरी त्या कशा येतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आई हल्ली सारखी विसरते, गॅसवर दूध ठेवून जाते, म्हणून चिडण्याआधी ती पट्टी बघा. आणि हे वाचून उत्साहात उद्यापासून गोळी एकदम बंद करू नका. बरेच दिवस घेतलेली गोळी अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. खूप दारू पिणाऱ्याने ती एकदम तोडली तरी तेच. सोडायची ती डॉक्टरांच्या हाताखाली, पायरीपायरीने.

दासबोधाच्या १८व्या दशकात समर्थांनी झोपेवर अख्खा समास लिहिलाय. जांभया, आळोखेपिळोखे, घोरणं, सगळं आहे. वाचताना हसून पुरेवाट होते. गोळीच्या किंवा दारूच्या झोपेत ती गंमत नाही. दारूने झोप लवकर लागते खरी, पण पहाटेकडे तिचे तुकडे पडतात, स्वप्नांची झोप कमी होते. दिवसाचे ठसे झोपेत पक्के होतात म्हटलं ना, ते कामही अर्धवट राहतं. म्हणजे उमटतानाही बिघाड आणि सुकतानाही.

आता गावाकडचं थोडं. माझं गाव रहिमतपूर. कोरेगाव तालुका, पुणे-मिरज रेल्वेवरचं स्टेशन, आल्याचा आणि उसाचा मुलूख. नाटकवाल्यांना ते वसंत कानेटकरांचं जन्मगाव म्हणून ठाऊक असेल. आमच्या आळीतल्या भजनी मंडळात एक तात्या पखवाज वाजवायचे. वाजवायचे काय, अजून वाजवतात. हात असा की गायक चुकला तरी ठेका त्याला सांभाळून आणेल. आणि दारू अशी की एकादशी सोडून रोज. एकादशी मात्र कधी मोडली नाही. गावात याचं कौतुकही व्हायचं. मला ते कौतुक कधीच पटलं नाही, कारण द्वादशीला भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आमच्या घरात यायचा.

काही वर्षांपूर्वी तात्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तोल जात होता, डोळे नीट हलत नव्हते, बोलण्यात मेळ नव्हता. सगळ्यांना वाटलं नेहमीचंच, जास्त झाली असेल. त्यात दिवस गेले. वर्षानुवर्षं दारू पिणारा धड जेवत नाही, आणि जे जेवतो त्यातलं ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, दारूमुळे अंगाला नीट लागत नाही. ते संपलं की मेंदूच्या आतल्या, आठवणीशी जोडलेल्या भागांना इजा होते. सुरुवातीलाच शिरेतून थायमिन मिळालं तर बरंच वाचू शकतं. उशीर झाला की पुढे जे होतं त्याला कोर्साकॉफचा आजार म्हणतात. सर्गेई कोर्साकॉफ या रशियन डॉक्टरांनी १८८७ पासून त्याचं वर्णन करायला सुरुवात केली. काळोख एका रात्रीपुरता राहत नाही, मुक्कामाला येतो.

तात्या घरी आले. लहानपणी वडिलांच्या मांडीवर शिकलेले अभंग अजून तोंडपाठ आहेत. पखवाजावरचा हात तसाच आहे, कारण हाताचं शिक्षण मेंदूत वेगळ्या वाटेने साठतं. पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी माहीत नसतं. विचारलं की सांगतात मात्र ठासून : “आत्ता स्टेशनावरून आलो, रामभाऊ भेटला होता.” खोटं बोलत नाहीत. मेंदू मोकळी जागा सहन करत नाही, हाती लागेल ते भरतो, आणि ज्याने भरलं त्यालाच ते खरं वाटतं.

त्यांचा थोरला भाऊ त्या आजारपणाच्या नंतर वारला. तात्या रोज विचारायचे, “दादा आला का?” काकू सांगायच्या, दादा गेले. आणि तात्या दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडायचे. अंत्यविधीला स्वतः उभे होते, पण तो दिवस त्यांच्यात उमटलेलाच नाही. महिनाभर हे चाललं. मग काकू म्हणायला लागल्या, “रानात गेलेत, येतील.” तात्या “बरं” म्हणून पखवाजाला शाई बघत बसायचे.

खरं बोलावं हा धर्म, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. मंडळातल्या एका बुवांनी काकूंना तसं बोलूनही दाखवलं. मी काकूंच्या बाजूची आहे. ज्या सत्याचा ठसा उमटणारच नाही आणि ज्याची फक्त जखम होणार, ते रोज नव्याने सांगून कुणाचं भलं होतं?

पण काकूंनी मला जे विचारलं त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. गेल्या आषाढात ओट्यावर शेंगा निवडत बसलो होतो. मी सहज म्हणाले, काकू, तात्या आता किती शांत झालेत. त्या म्हणाल्या, “व्हय, झालेत की. त्यांला कायबी आठवत न्हाई. पंचवीस वर्सं काय काय केलं, कुठलं म्हणजे कुठलं आठवत न्हाई. तवाबी सकाळी आठवायचं न्हाई त्यांला. मला सगळं आठवतंय पोरी. त्यांचं सुटलं. माझं काय करू, ते सांग तुझ्या गीतेतनं.”

मी शेंगा निवडत राहिले.

त्यानंतर हा श्लोक मला पूर्वीसारखा वाचता येत नाही. तो पिणाऱ्याबद्दल सांगतो : त्याची स्मृती जाते, त्याची बुद्धी जाते, तो नाश पावतो. पण ठसा एका मनात उमटला नाही म्हणून घडलेलं पुसलं जात नाही. तो दुसऱ्या मनांवर उमटतो, दुप्पट खोल. बायकोच्या, दाराआड उभ्या पोराच्या, त्या रात्री रिक्षात सोबत असलेल्या मैत्रिणीच्या. हिप्पोकॅम्पसबद्दल आणखी एक गोष्ट खरी आहे, भीतीचे प्रसंग बहुतेकदा जास्त पक्के बसतात. म्हणजे एकाच रात्रीचा एकाच्या डोक्यात कोरा कागद आणि दुसऱ्याच्या डोक्यात कोरलेली अक्षरं. सकाळी हे दोघं एकाच टेबलावर चहा पितात.

म्हणून ‘आठवत नाही’ हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. कर्माचा सिद्धान्त कर्त्याची आठवण विचारत नाही. कायदाही साधारण तेच म्हणतो. भारतीय दंड संहितेच्या ८५व्या कलमाने शुद्ध हरपलेल्याला सूट दिली होती ती एका अटीवर : नशा त्याला नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध दिलेली असली तर. स्वतः हाताने ग्लास उचलणाऱ्याला ती सूट नाही. नव्या न्याय संहितेतही हा फरक कायम आहे.

या फरकाची दुसरी बाजू नीट लक्षात ठेवा, विशेषतः पार्ट्यांना जाणाऱ्या मुलामुलींनी. कुणी कुणाच्या ग्लासात काही मिसळलं, आणि त्या मुलीला नंतर सलग काही सांगता येत नाहीये, तुकडे तुकडे आठवतायत, क्रम लागत नाहीये. यावरून ती बनाव करतेय असं म्हणणारे लोक मी पाहिलेत. ठसा उमटण्याची वाटच औषधाने अडवली असेल तर सलग आठवण येणार कुठून? तिच्या आठवणीत पडलेल्या भोकांचा दोष तिच्या माथी मारू नका. तिला आधी दवाखान्यात न्या, लवकर न्या, कारण रक्ता-लघवीतल्या खुणा फार काळ टिकत नाहीत.

आता नामाचं. आपण सगळे नामस्मरण करणारे. रहिमतपूर आणि गोंदवलं एकाच जिल्ह्यातली, त्यामुळे गोंदवलेकर महाराजांचं (१८४५–१९१३) नाव आमच्याकडे घरातल्या माणसासारखं घेतलं जातं. लोक विचारतात, नाम घेतलं की दारू सुटेल ना? सुटलेली माणसं मी पाहिलीत. माळ घातली आणि बाटली सुटली, असे वारकरी गावोगाव आहेत, आणि ती माळ खोटी नाही. पण त्याच माळेचा धाक दाखवून एखाद्याला डॉक्टरकडे जाऊ न देणं मला मान्य नाही. अंग थरथरतंय, घाम फुटतोय, भास होतायत, अशा माणसाला देव्हाऱ्यापुढे बसवायचं नसतं, दवाखान्यात न्यायचं असतं. नाम रिक्षातही घेता येतं. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. तिथे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं, असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

‘नामस्मरण’ या शब्दाकडे मात्र थांबून बघा. स्मरण. कीर्तन संपताना आपण तुकोबांचं जे मागणं म्हणतो, त्यात देवाकडे सगळ्यात आधी काय मागितलंय? तुझा विसर पडू नये, हे. संपत्ती नको, मुक्तीही नको. न विसरण्याची शक्ती हवी. अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुनाला विचारलं जातं, मोह गेला का? तोही म्हणतो, गेला, आणि स्मृती परत मिळाली. दुसऱ्या अध्यायात जी हरवण्याची भीती दाखवली, ती अठराव्यात सापडते. अख्ख्या गीतेचा प्रवास एका अर्थी एवढाच.

आणि पंधराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की स्मृती, ज्ञान आणि त्यांचं जाणंही माझ्यापासूनच. ‘जाणं’ सुद्धा! आचार्य त्यावर सांगतात की ज्याचं जसं कर्म तसं त्याला मिळतं किंवा जातं. पोथीत ते बरोबर आहे. पण आजारी माणसाच्या उशाशी बसून ते म्हणायचं नसतं. तात्यांकडे बघताना मला त्या श्लोकाचा वेगळाच भाग दिसतो. नवं काही टिकत नाही अशा मनातही विठ्ठलाचं नाव टिकलंय, कारण ते पाचव्या-सहाव्या वर्षी उमटलं, तेव्हा माती स्वच्छ होती. कालच्या जेवणाची आठवण गेली, नाव राहिलं. तुम्ही आज, पंचविशीत, शुद्धीत बसून जे घोकताय ते कुठे जाऊन बसतंय, याचा हिशेब तेव्हा लागेल.

राहिला काकूंचा प्रश्न. ‘माझं काय करू?’ मी तो इथे मुद्दाम मांडलाय, कारण या ग्रुपमध्ये पिणाऱ्यांपेक्षा पिणाऱ्याच्या घरात वाढलेले जास्त आहेत, हे मला तुमच्या निरोपांवरून कळतं. माझ्याकडे पूर्ण उत्तर अजूनही नाही. क्षमा कर, असं काकूंना सांगायची माझी जीभ रेटत नाही. ज्याला आपण काय केलं ते माहीतच नाही, तो मागणार कशी आणि त्या देणार कुणाला? एवढंच कळतं की आठवणारं माणूस एकटं असतं, आणि ते ऐकायला कुणीतरी हवं. त्या ओट्यावर मी गप्प बसले, पण दुसऱ्या दिवशी परत गेले. काकू सांगत गेल्या, १९९४ पासून. चार दुपारी लागल्या. तात्या आतल्या खोलीत ठेका धरून बसले होते.

आणि ज्यांच्या घरातला माणूस अजून पितोय, सकाळी ‘मला काही आठवत नाही’ म्हणतोय, त्यांच्यासाठी : त्यावर विश्वास ठेवा, ते बहुधा खरंच आहे. आणि तरीही सांगा. रात्री सांगू नका, तेव्हा ते उमटणार नाही. दुपारी, तो शुद्धीत आणि पोटभर जेवलेला असताना, समोर बसून, आवाज न चढवता. व्हिडिओ सगळ्यांत फिरवू नका. काय झालं, कोण रडलं, पोरगं कुठे लपलं होतं, तेवढं सांगा. त्याच्या डोक्यातल्या कोऱ्या पानावर ते तुमच्या शब्दांत का होईना, उतरू दे. एकदा नाही उतरलं तर पुन्हा.

आज एवढंच वाचन. जमल्यास ६२ आणि ६३ हे दोन श्लोक सावकाश, एकेका शब्दावर थांबून तीनदा म्हणा. उद्या ६४वा : विषयांत वावरूनही ज्याचं मन प्रसन्न राहतं, त्या माणसाबद्दल.

राम कृष्ण हरी.